साडेसाती

नोव्हेंबरातला रविवार, वडगाव शेरीजवळचं शाळेचं मैदान.
मधली खेळपट्टी दोरी लावून राखलेली,
तिच्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून
शिट्टी तोंडात धरून उभा एक होऊ घातलेला फादर.
बाकी सगळीकडे लाल खुर्च्या,
प्रत्येकीच्या पाठीवर ‘भैरवनाथ मंडप, केसनंद’.
माझी एका पायानं लंगडी निघाली.
खाली चपटा दगड सरकवला आणि बसले.

दीड वर्षात पहिल्यांदा.
आईला फोनवर सांगत आले, हो, जाते, दर रविवारी;
आणि रविवारी बादलीभर कपडे धुतले,
औषधांच्या रेणूंची चित्रं काढली, झोपले.

शेजारी तमिळ कुटुंब, पुढे वसईच्या बायका,
मागे कुणीतरी कोंकणीत भांडत होतं,
हळू आवाजात, देवासमोर भांडावं तसं.
कुणी माझ्या केसांकडे बघितलं. बघू दे.

प्रवचन रंगात आलं आणि लोहगावहून लढाऊ विमान उठलं.
‘म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, आपण’
एवढ्यावर बिशप थांबले. बोट तसंच वर.
हजारो माणसं, एकही दचकलं नाही.
पुढच्या आजींनी तेवढ्यात नाक शिंकरून घेतलं,
एका बाईनं बाळाचं टोपडं बांधलं.
आवाज खराडीकडे गेला. बोट खाली आलं.
‘आपण’पासून पुन्हा सुरू.

प्रार्थना मराठीतून झाली.
मी ती स्वाहिलीत म्हणत मोठी झाले,
तीत देवाकडे रोजचा म्काते मागायचा, म्हणजे पाव.
सोंगेआत आमच्या घरी पाव यायचा नाताळला.
एरवी मक्याच्या पिठाची उगाली, घट्ट, हातानं मोडून.
तेव्हा वाटायचं, याला आपलं घर माहीतच नाही.
इथे सगळ्या मैदानानं मागितली
भाकर.
भाकर! गलांडे काकू थापतात ती,
माझ्यासाठी एक जास्तीची,
‘खा गं युस्तिना, अंगी लागू दे’ म्हणत.
पुढच्या दोन ओळी माझ्या तोंडून आल्याच नाहीत.

शांतीच्या वेळी सवयीनं हात पुढे केला.
समोर जोडलेले दोन तळवे.
माझा हात हवेत, बसचा दांडा धरल्यासारखा.
मग मीही जोडले.
तमिळ मुलाला हसू फुटलं, मलाही.

वेदीपुढे सतरंज्या, म्हणून चपला काढायच्या.
रांग सरकत सरकत.
प्रयोगशाळेत मी घड्याळ लावून मोजते
गोळी किती मिनिटांत विरघळते, सदतीस अंशांच्या पाण्यात.
हा तुकडा टाळूला चिकटून राहिला.
मोजलं नाही.

परत आले तर चपला नव्हत्या.
टायर कापून केलेल्या, आईनं घासाघीस करून घेतलेल्या.
मोबाइलच्या उजेडात नुसते अंगठे आणि पट्टे.
शिट्टीवाला पोरगाही वाकून शोधू लागला.
मैदान रिकामं झाल्यावर उरल्या
दोन, दोन्ही डाव्या, वेगवेगळ्या मापांच्या.
त्या तिथेच राहू दिल्या.
नगर रोड अनवाणी ओलांडला. डांबर अजून कोमट होतं.

काकू ओट्यापाशी लसूण सोलत होत्या.
आधी पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.
‘देवाच्या दारातून गेल्या?’
‘हो.’
‘बरं झालं. साडेसाती गेली तुझी.’
ती काय असते, मी विचारलं.
‘शनी. साडेसात वर्षं मानगुटीवर बसतो.
आता ज्यानं नेल्या त्याच्या.’
मला त्या चोराची काळजी वाटली.

रात्री बादलीत पाय सोडून आईला फोन लावला.
आज गेले होते, म्हटलं.
‘दर रविवारी जातेसच ना?’
पाणी मातकट होत चाललं होतं.
‘आई, तू दिलेल्या चपला हरवल्या तिथे.’
पलीकडे कोंबडी ओरडली, कुणीतरी दार लावलं.
मग ती म्हणाली,
‘म्हणजे आज खरंच गेलीस.’