येथे म्हणजे कुठे

रुवीत, तिसऱ्या मजल्यावर, एसी सतरावर लावून
मी कामगारांच्या पानाची मराठी बाजू लिहिते.
परमिट कधी संपतं, दंड किती, तक्रार कुणाकडे.
शेजारच्या खुर्चीत मुनीर परकार, मूळचे बाणकोटचे,
एकतीस वर्षं मत्राच्या धक्क्यावर पेट्या मोजल्या.
साखरेनं डोळे नेले. आता ते पान ऐकतात.
यंत्र इतकं भरभर वाचतं
की मला वाटतं तेलात मोहरी पडली.

"थांब," पहिल्याच दिवशी म्हणाले.
"येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. सात वेळा.
येथे म्हणजे कुठे गं?
पेटीवर आत काय ते लिहिलं नाही
तर मोंबासाची पेटी कराचीला जाते.
गेलीय. सुकी मासळी होती. जून होता."

सातही दुवे बदलले.
पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल तर.
दोन महिने पगार आला नसेल तर.
त्या रात्री चिपळूणला फोन लावला,
"इथे सगळं ठीक आहे" म्हणाले,
आणि जीभ जराशी अडखळली.

मग मथळे. मी नुसतीच अक्षरं ठळक केलेली.
"ठळक मला ऐकू कसं येणार? मथळ्याला मथळा म्हण,
म्हणजे पायरी चाचपत उतरता येईल."
मग 'क्र.' आणि 'दि.',
जिथं यंत्राच्या घशात काटा अडकायचा.
पूर्ण लिहिलं, क्रमांक, दिनांक. काटा निघाला.
फिकट राखाडी मजकूर मात्र मी माझ्यासाठीच काळा केला.
डिझायनर म्हणाला होता, शांत दिसतं.
शांत कसलं, धुळीच्या वादळात पाटी वाचावी तसं.

शेवटी राहिला फोटो. कार्यालयाची नवी इमारत.
"शोभेचा असेल तर वर्णन रिकामं सोड,
यंत्र पुढे जाईल, माझा वेळ वाचेल."
सोडणारच होते.
पण मोठा करून पाहिला.
नवव्या मजल्यापाशी दोराला एक माणूस,
हातात फडकं, तोंडाला काहीतरी गुंडाळलेलं.
फोटो काढणाऱ्याला बहुधा दिसलाच नव्हता.

हा शोभेचा का?

लिहिलं: काचेची इमारत, भर दुपार.
एक माणूस दोराला लटकून काच पुसतो आहे.

परकारांनी ऐकलं.
वेग निम्मा केला, पुन्हा ऐकलं.
"दोर किती?"
मी पडद्याला नाक लावलं. "एकच दिसतोय."
"दोन लागतात," म्हणाले.
बोटं टेबलावर, पेट्या मोजावीत तशी.
"लिही, एकच."