पाण्याची कड

निळा कुठला घ्यायचा, यात सकाळ गेली.
कॉम्प्युटरवर दोनशे निळे,
बळ्ळारी नाला त्यातला एकही नव्हे.

येळ्ळूरचा शट्टुप्पा उताऱ्यासाठी आलेला,
स्क्रीनवर वाकून म्हणाला,
“आषाढात ह्यो माझ्या भातात असतोय,
मार्चात म्हशीला पुरत नाही.
मग तुमी कड कुठं मारताय?”

कड गडद केली की पाणी डबक्यासारखं बसतं.
पुसली, तर फिकट निळा
मसुराच्या रानात विरघळतो.
तुटक रेघ मारावी,
तर तुटक रेघेला इथं सगळे हद्दच समजतात,
मग चहा निवेपर्यंत तोच विषय.

कपाटात हुद्दारांचं जुनं ट्रेसिंग आहे.
ओल्या ब्रशानं रंग काठापासून आत ओढलेला :
काठाशी दाट,
मधे जवळजवळ कागदच.
आणि नाव दोनदा, नाला, हळ्ळ,
दोन्ही तिरकी, वळणासोबत वळलेली.

दुपारी मी कड एकाच बाजूला ठेवली.
शट्टुप्पाच्या बांधाकडं उघडं सोडलं.

त्यानं बराच वेळ बघितलं.
“असू दे,” म्हणाला,
“तिकडनंच येतंय ते.”