शुक्रवारचं वजन

पहिल्या दिवशी चौघांनी उचलून
सुताच्या गोदामातल्या काट्यावर ठेवली :
एक्क्याण्णव किलो.
आतल्या पत्र्यावर अडुसष्ट कोरलंय.
म्हणजे तेवीस किलो तलाव
अजून तिच्या अंगात.

हिप्परग्याच्या काठावर नऊ वर्षं पडून होती,
तोंड वर करून, येईल ते पीत.
भंगारवाल्या रज्जाकला फक्त
ॲल्युमिनियमची डोलकाठी हवी होती.
मी काठीसकट घेतली. घरी सांगितलं, टाकी आहे.

नरसय्या येमूल दुपारी आला,
चष्मा कपाळावर, खिशात जुना रुपया.
नाण्यानं तिला ठोकत गेला, इंच इंच.
टक् टक् टक्, बरं आहे.
टक् टक् थप्.
"इथं मेलंय," म्हणाला, आणि खडूनं गोल काढला.
संध्याकाळपर्यंत अकरा गोल.

एकतीस वर्षं मागावर काढलेला माणूस.
फुटलेली कड बोटांत चोळून म्हणाला,
"हे कापडच हाय की ओ सर. काचेचं.
घाईत विणलंय कुणीतरी."

समुद्राकडचे शब्द आम्हाला येत नाहीत.
पुढच्या टोकाला तो चोच म्हणतो,
सुकाणूला शेपूट.
विटांवर पालथी घातली,
आतल्या बाजूनं भोकं पाडली.
पहिल्यातून काही आलं नाही.
दुसऱ्यातून तपकिरी, आंबूस वासाचं,
थेंब, मग बराच वेळानं थेंब.
शेजारच्या लक्ष्मव्वानं न विचारता खाली घमेलं सरकवलं.
नळ पाचव्या दिवशी येतो आमच्याकडे;
गळतंय म्हटलं की हात आधी भांड्याकडे जातो.
जास्वंदीला घालावं का, यावर तिनं दोन दिवस विचार केला
आणि घातलं नाही.

मग उन्हाचं काम. एप्रिल. बेचाळीस, त्रेचाळीस.
या गावात उन्हाला पहिल्यांदाच कुणी
मुद्दाम बोलावून घेतलं असेल.
दर शुक्रवारी वजन.
एक्क्याऐंशी.
शहात्तर.
मग तीन आठवडे चौऱ्याहत्तर, हट्टानं.
रात्री प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ठेवायचा,
सकाळी त्याला आतून घाम.
"अजून बोलतीय," नरसय्या म्हणायचा.

राळेला मात्र ऊन सोसत नाही.
पहिला डबा हातातच धुमसला, दगड झाला,
ब्रश त्यात उभा. खिडकीत आहे तो, अजून तसाच.
तेव्हापासून पहाटे साडेचारला,
हार्डनर निम्मा,
काचेचं कापड आडवं, मग तिरकं, मग आडवं,
बुडबुडे बोटानं काठाकडे ढकलत.
तिरकं का, मी विचारलं.
"सरळ धाग्याला एकाच बाजूचा ताण कळतो."
दिवसभर हात खाजायचे. खोबरेल चोळून
तो विडी ओढायचा, लांब, भिंतीकडे तोंड करून.

शीड गच्चीवर वाळत होतं.
एका संध्याकाळी त्यात वारा भरला
आणि दोरी, चिमटे, वर ठेवलेलं सूप, सगळं
रस्त्यापलीकडे गेलं.
नरसय्या मान वर करून बघत राहिला.
"एवढं कापड," म्हणाला,
"अन् अंगावर घ्यायला न्हाई."

काल शुक्रवार. एकोणसत्तर.
वरचा एक किलो आमच्या राळेचा असेल,
किंवा नसेल.
दहा गोल टक्.
अकराव्यावर त्यानं नाणं मारलं, थांबला, परत मारलं,
रुपया खिशात टाकला.
"पुढच्या शुक्रवारी."

तेवढ्यात नळ आला.
गल्लीभर ड्रम, हंडे, पाइप, आरडाओरडा,
लक्ष्मव्वाची बादली चोचीला घासून गेली.
होडी पालथीच,
पाण्याकडे पाठ करून.
आतून बायकोनं विचारलं,
टाकी कधी भरायची?