चूळ उद्यापासून

उजवीकडची, खालची. आडवी उगवलेली.
नेवरेकर डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला तेव्हा
भर रस्त्यात बसलेल्या म्हशीसारखी दिसली मला,
आणि पुढची दाढ बिचारी खोळंबलेली.

पाऊण तास लागला. तीन टाके,
गालात बोळा, हातात छापील कागद:
थुंकू नये. गरम नको. स्ट्रॉ नको.
चूळ उद्यापासून.
दोन दिवस शक्यतो बोलू नये.
अख्खी मुंबई भिंतीभिंतीवरून बजावते, थुंकू नका.
आज पहिल्यांदा मी ऐकलं.
भांडुपच्या खड्ड्यांतून, रिक्षात,
स्वतःचं रक्त गिळत घरी आले.

वॉर्ड ऑफिसात मी पाण्याच्या तक्रारी घेते.
टेंभीपाडा, कोकणनगर, वरची चाळ, खालची चाळ,
दिवसाला शंभरदा म्हणते,
नोंद केली, माणूस पाठवते.
माणूस असतोच असं नाही.
समोरची हेमांगी दारातूनच म्हणाली,
"काय गं, अक्कल देऊन आलीस?"
हसायला गेले तर टाका ओढला.

घरात नाना.
टेलिफोन खात्यात लाइनमन होते,
खांबावर चढून मेलेल्या तारेत
हॅलो हॅलो करत बसायचे.
दोन वर्षांपूर्वी डोक्यात एक गुठळी झाली,
उजवा हात गेला, आणि सगळे शब्द, एक सोडून.
बरोबर.
चहा हवा, बरोबर. मोरीत जायचंय, बरोबर.
आईच्या फोटोकडे बघून, अगदी हळू, बरोबर.
आणि मी त्यांच्या पुढे पुढे धावणारी:
पाणी? पंखा? पाय चेपू? बातम्या लावू?
त्यांचं तोंड उघडेपर्यंत
माझी तक्रार नोंदवून झालेली.

रात्री दोनला भूल पुरती उतरली.
कानापर्यंत ठणका. उशीवर गुलाबी लाळ.
ओट्याशी उभी राहून बर्फाचा ट्रे पिळत होते
तर मागे काठी वाजली.
नानांनी डाव्या हाताने रुमाल पुढे केला.
त्यात बर्फ बांधला, स्टुलावर बसले,
ते समोरच्या खुर्चीत.
फ्रिज घुरघुरत होता.
त्यांचे ओठ मिटले, सुटले, पुन्हा मिटले.
एरवी मी म्हटलं असतं, मळमळतंय का? मच्छर?
बोळा होता. बसून राहिले.
किती वेळ, सांगता येणार नाही;
रुमाल पार भिजला, कोपरापर्यंत ओघळ आला.
"म्," ते म्हणाले.
मान झटकली. कपाळावरची शीर फुगली.
"मी... मीठ."

मीठ!
बरणीकडे बोट, मग माझ्या गालाकडे.
मिठाच्या पाण्याची चूळ, लहानपणी तेच द्यायचे ते,
दात पडला की.
मला ओरडायचं होतं, दादाला उठवायचं होतं ठाण्यात,
आणि तोंडात कापूस.
मी कागद दाखवला. चूळ उद्यापासून.
त्यांनी तो लांब धरून बराच वेळ बघितला.
वाचता येतं का अजून, मला माहीत नाही.
"बरोबर," म्हणाले.

सकाळी मऊ भात. त्यांना, मला, एकाच पातेल्यातला.
पुडीतली दाढ त्यांनी मागून घेतली,
तळहातावर उलटीपालटी केली.
दुधाचे दात आम्ही गावी कौलांवर फेकायचो.
इथे आमच्या डोक्यावर अजून चार मजले.
पुन्हा पुडीत बांधून त्यांनी ती खिशात ठेवली,
का, ते विचारणार होते.

भातात मीठ कमी होतं.
बरणी माझ्या हाताजवळच होती.
मी सरकवली नाही.
एक शीत खड्ड्यात जाऊन बसलं,
जीभ सारखी तिकडे,
आणि मी त्यांच्या ओठांकडे बघत.