अहवालात न बसलेलं

पहिल्या पानावर चार नावं, आडनावांच्या क्रमाने:
आयरे (ती मी), भाटकर, मुकादम, शिवलकर.
खाली जागा उरली होती,
तिथे कॉलेजचं बोधचिन्ह जरा मोठं करून बसवलं.

मिरकरवाड्याच्या जेटीवर
विंचमध्ये उजव्या हाताची चार बोटं गेलेला खलाशी,
अहवालात 'वापरकर्ता क्रमांक एक'.
बोटीवर, बर्फाच्या कारखान्यात, चहाच्या टपरीवर
कासमचाचा होडेकर.

आम्ही यादी घेऊन गेलो होतो.
पेला धरणं, बटण लावणं, सही, मोबाईल.
तो यादीकडे बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, जाळ्याची सुई धरता आली तर बघा.
बाकीचं डावा करतो.

आम्ही तरीही पाच बोटं केली.
मुकादमने दंडाच्या स्नायूंचे सिग्नल पकडले,
आणि रात्री दोन वाजता
काळ्या प्लास्टिकची तर्जनी पहिल्यांदा वाकली
तेव्हा इतके ओरडलो की वॉचमन काठी घेऊन धावत आला.
मग त्यालाही वाकवून दाखवली.
तीनदा.

जेटीवर ती नऊ दिवस टिकली.
मोटर उघडली तर आत पांढरं मीठ
आणि तारलीचं एक खवलं,
टिकलीसारखं चिकटलेलं.
"आणि हे रोज रात्री चार्जिंगला लावायचं? बोटीवर?"
चाचा चेष्टा करत नव्हता,
खरंच विचारत होता.

मग आम्ही भांडलो.
कोण रात्री थांबतं, कोण नुसत्या स्लाइड बनवतं,
शिवलकर एप्रिलभर बागेत पेट्या भरतोय
आणि ग्रुपवर फक्त अंगठा दाखवतोय.
भाटकरने ग्रुप सोडला. तिला परत घेतलं. तिने परत सोडला.
विभागाने गोपनीय फॉर्म वाटला:
प्रत्येक सहकाऱ्याला दहापैकी गुण द्या.
मी शिवलकरला तीन दिले.

त्याच आठवड्यात तो आला.
मनगटावर आंब्याच्या चिकाचे काळे चट्टे,
बॅगेत आमच्यासाठी सहा डागी हापूस.
उघडी मोटर टेबलाच्या कडेला सरकवत म्हणाला,
घळ बघितलाय ना तुम्ही, आंबे काढायचा?
एक कडं, एक पातं, एक झोळी.
बोटं नाहीत त्याला,
पण देठ चुकत नाही.

कोणी लगेच काही बोललं नाही.
मग भाटकरने पेन्सिल घेतली.

खांद्यावरून पट्टा, पाठीवरून नायलॉनची दोरी,
पुढे स्टीलचे दोन ओठ.
खांदा ढकलला की उघडतात, सोडला की मिटतात.
चाचाने आतलं आमचं महागडं अस्तर काढून फेकलं,
जुन्या लुंगीचा तुकडा घातला,
एक ओठ कानशीने घासून घासून
सुईच्या मापाचा केला.
आमच्या आकृतीत ते माप नव्हतं.
आम्ही आकृती पुन्हा काढली,
वर लिहिलं, 'सुधारित आवृत्ती चार'.
कोणी सुधारली, याला रकाना नसतो.

तोंडी परीक्षा मेच्या शेवटच्या आठवड्यात.
पंखा बंद, शर्ट पाठीला चिकटलेले.
बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, उपकरण कुठे आहे?
भाटकरने घड्याळ बघितलं.
"सर, मासेमारी बंद व्हायला चार दिवस राहिलेत.
ते आत्ता जयगडच्या पुढे असेल."

टेबलावर दोन फोटो
आणि गंजलेली मोटर, पुरावा म्हणून.
बरं, मग यात नवीन काय?
ज्याचा भाग त्याने बोलायचं असं ठरलं होतं.
हा भाग कोणाकडेच नव्हता.

मुकादमने खिशातून वीतभर जाळं काढलं,
चाचाने त्या हाताने विणलेलं.
परीक्षकांनी एक गाठ दोन्ही हातांनी ओढली.
चष्मा वर करून परत ओढली.
मग कागदावर काहीतरी लिहिलं,
आम्हाला उलटं दिसत होतं, वाचता आलं नाही.

बाहेर आल्यावर शिवलकर म्हणाला,
तू मला किती दिले होतेस गं?
मी म्हटलं, चल जेटीवर,
बोट सहाला लागते.