पोरोब, परब

ताळगावचं पठार, दुपारचे तीन,
एसीला सर्दी झालेली,
आणि पडद्यावर एक वर्तुळ, पाच हजार चारशे अक्षरांचं.
वर्तुळाला सुरुवात नसते, म्हणून सॉफ्टवेअरनं
आपल्या सोयीनं एक जागा धरून
तिथे 'एक' लिहिलंय.

हिरवा बाण: औषधातही जगायची परवानगी.
पिवळा: इथून स्वतःची नक्कल सुरू.
मधली रिकामी जागा माझी.
तिथे बसवायचा आहे आगरवाड्याच्या मिठागरातल्या
एका जंतूचा जीन.
भर मे महिन्यात, मीठ धरलेल्या चिखलात
तो मजेत असतो.

लिगोरिओ सर सांगतात, आमच्या वेळी
कागदाची भेंडोळी कॉरिडॉरभर अंथरायचो,
लाल पेन्सिल, कात्री, डिंक.
एकदा एक अक्षर सुटलं.
आठ महिने गेले, सर म्हणतात,
आणि चष्मा पुसत बसतात.

मी मेनूतली कात्री उचलते.
इको-आर-वन. तिला एकच शब्द येतो:
जी ए ए टी टी सी.
समोरच्या धाग्यावर उलट्या बाजूनं वाचा, तोच शब्द.
मराठी शाळेच्या फळ्यावर होतं ना,
ती होडी जाडी होती.
बाई म्हणायच्या, आता शेवटाकडून वाचा.
आम्ही वाचायचो
आणि होडी जागची हलायची नाही.

लाल रेघा दोन हव्या होत्या, दोन टोकांना.
आल्या तीन.
तिसरी जीनच्या ऐन पोटात.
दोनदा मोजल्या. फाइल बंद करून उघडली.
तीनच.

मग मी एका अक्षराला हात घालते.
जी ए ए चं जी ए जी.
कात्रीला तो शब्द आता ओळखू येत नाही,
प्रथिनाला मात्र तोच मणी मिळतो,
त्याच जागी.

वडिलांच्या जन्मदाखल्यावर पोरोब,
माझ्या आधारकार्डावर परब.
पासपोर्टसाठी म्हापशाला चार खेपा घातल्या,
शेवटी स्टँपपेपरवर लिहून दिलं
की पोरोब आणि परब हा एकच इसम.
कारकुनानं तीनदा शिक्का मारला,
तिन्ही वेळा पुसट.
पेशी असलं काही मागत नाही.

'जोडा' म्हटलं की पडद्यावर
वर्तुळ क्षणात मिटतं.
फ्रीजमध्ये, सोळा अंशांवर, त्याला रात्र लागते,
कधी तीन रात्री,
आणि कधी सकाळी बशीवर काहीच उगवलेलं नसतं.
तिथे 'मागे घ्या' हे बटण कुठल्याच कोपऱ्यात नाही.

शनिवारी नकाशा छापून आगरवाड्याला नेला.
शाबलोबाब वाफ्यात उभा, हातात फळी,
पिंडऱ्यांपर्यंत पांढरा.
"कितें गो हें?"
तुमच्या चिखलातलं, म्हटलं. त्यातली एक ओळ.
त्यानं कागद उभा धरला, आडवा धरला,
कुठून वाचायचं ते कळेना.
मी म्हटलं, कुठूनही.

"आमचें सगळें चौकोनी," तो म्हणाला,
आणि माझं वर्तुळ
मिठाच्या ढिगावर ठेवून, वाऱ्यानं उडू नये म्हणून
वर मूठभर मीठ टाकलं.
मग फळी ओढत
वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला.