माया

जानेवारीत विमा कंपनीचं पत्र आलं.
एकच पान, सहीसुद्धा छापील:
हे औषध यापुढे आपल्या योजनेत बसत नाही.
मला हसू आलं.
मी मात्र तेव्हा कुठेही बसत होते,
चर्चच्या बाकावर दोन बायकांच्या मधल्या फटीतसुद्धा.

चौदा महिने, दर गुरुवारी,
पोटाच्या चिमटीत एक सुई.
मला सुयांचं काय! चाळीस वर्षं
ओठांत टाचण्या धरून बोलते आहे मी.
भूक इतकी गप्प झाली
की दुकानातलं घड्याळ ऐकू यायला लागलं.
बेकरीवरून जाताना गोड पावाचा वास यायचा
आणि जायचा,
शेजारच्या घरात फोन वाजावा
आणि आपण जागचं हलू नये, तसा.

फॉल रिव्हरमध्ये त्या वर्षी बऱ्याच जणींचं हेच.
दुकानात दिवसभर एकच वाक्य,
इल्डा, आत घे. अजून थोडं आत घे.
डॉक्टरच्या आधी शिंपिणीला कळतं.

कॉनी रपोझो म्हणाली,
आतलं जास्तीचं कापड कापूनच टाक.
माया ठेवू नकोस.
ठेवली की परतीची वाट राहते.
मी हो म्हटलं,
पडद्याआड कात्री दोनदा हवेत वाजवली
आणि माया आत दुमडून टीप घातली.
वरून इस्त्री. हाताला लागणारही नाही अशी.

माझा निळा ड्रेस मात्र कापला.
रात्री, दुकान बंद केल्यावर,
दोन्ही बाजूंनी बोट-बोट रुंद पट्ट्या,
थेट केराच्या डब्यात.
देवाला शब्द दिल्यासारखं वाटलं होतं.

मार्चमध्ये भूक परत आली.
झ्वाकिम बोटीवरून यायचा तशी,
दार न वाजवता, ओले बूट न काढता,
चमचे कुठल्या खणात ते ठाऊक असलेली.
पहाटे तीन वाजता फ्रिजच्या उजेडात
आम्ही दोघी उभ्या.
कुठे होतीस इतके दिवस, तिने विचारलं.
म्हणजे मीच कुठेतरी गेले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात तुमचा दोष नाही,
शरीर जुनं वजन विसरत नाही.
बोलताना पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होत्या.
चर्चमधल्या बायका पूर्वी विचारायच्या,
काय केलंस गं?
आता माझ्या बुटांचं कौतुक करतात.

गेल्या शनिवारी कॉनी आली.
पिशवीतला हिरवा ड्रेस काउंटरवर ठेवला
आणि खिडकीबाहेर गिरणीच्या दगडी भिंतीकडे बघत म्हणाली,
याचं काही होईल का?
नाहीतर राहू दे.
मी उसवायला घेतलं.
शिवण उघडली तशी आतून पट्टी निघाली,
ऊन न लागलेली, बाकीच्या ड्रेसपेक्षा दोन छटा गडद,
जुन्या टिपेची भोकं ओळीने.
ती कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली.
तू कापलं नव्हतंस?
विसरले असेन, मी म्हटलं.
तिने पैसे दिले, सुटे न घेताच गेली.

राहिला माझा.
त्याला आता कळी घालावी लागणार.
तसला निळा कुठे मिळत नाही.
झ्वाकिमच्या कोटाचं करडं अस्तर आहे, जरा जाड,
दिसेल ते, काखेखालून कमरेपर्यंत,
हात वर केला की.

टेप गळ्यात होतीच. कमरेभोवती घेतली.
श्वास आत ओढला नाही.
आकडा फळ्यावर खडूने लिहिला,
गिऱ्हाइकांचे लिहिते तसाच,
पुढे नाव, इल्डा,
आणि त्यापुढे: बुधवारी देणे.